बुफ्डी व्हायला जर्मनीला निघताय? आधी हे वाचा

मी साताऱ्याहून निघाले तेव्हा मामांनी एकच प्रश्न विचारला होता, "एवढं शिकून-सवरून परक्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला जायचं?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी थोड्या सभ्य शब्दांत तेच विचारलं आणि पहिल्या आठवड्यात पहाटे पाच वाजता गजर झाला तेव्हा मी स्वतःलाही तेच विचारलं. तुम्हीही जर्मनीतल्या स्वयंसेवी वर्षाचा विचार करत असाल तर मामांच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच कागदावर लिहून काढा. पुढे ते तीन-चार ठिकाणी कामाला येतं.

आता मूळ विषय. जर्मनीत 'एफएसजे' म्हणजे स्वयंसेवी सामाजिक वर्ष ही पद्धत १९६४ च्या कायद्यापासून आहे. शाळा संपल्यावर आणि पुढचं शिक्षण सुरू होण्याआधी जर्मन पोरं वर्षभर दवाखान्यात, वृद्धाश्रमात, बालवाडीत किंवा अपंगांच्या संस्थेत काम करतात. दुसरी योजना 'बीएफडी', म्हणजे संघीय स्वयंसेवी सेवा. सक्तीची लष्करभरती २०११ मध्ये स्थगित झाली. तोवर ज्यांना बंदूक धरायची नसे ते पर्याय म्हणून अशाच संस्थांत नागरी सेवा करत. ते हजारो हात एकदम गेले, म्हणून १ जुलै २०११ पासून बीएफडी सुरू झाली. ती करणाऱ्याला तिकडे सगळे 'बुफ्डी' म्हणतात. एफएसजे वयाची २७ वर्षं पूर्ण होण्याआधी करता येतं. बीएफडीला वयाची वरची अट नाही. दोन्ही साधारण १२ महिन्यांची असतात, कमीत कमी ६ आणि एरवी जास्तीत जास्त १८. पर्यावरणाच्या कामासाठी 'एफओजे' नावाचं तिसरं भावंडही आहे, पण आपल्याकडून जाणाऱ्यांत ते क्वचितच दिसतं.

ही नोकरी नाही, त्यामुळे पगार नाही. इंटर्नशिपही नाही, त्यामुळे कॉलेजचे क्रेडिट वगैरे डोक्यातून काढा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला उन्हाळी तांत्रिक इंटर्नशिप हवी असेल तर आयएईएसटीई ही १९४८ पासूनची देवाणघेवाण किंवा 'डाड' या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या योजना बघा, तो रस्ता वेगळा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी केलेला करार कुशल मनुष्यबळाचा होता, त्याचाही या वर्षाशी संबंध नाही. एखादा क्लासवाला तीन्ही गोष्टी एकाच भांड्यात घालून ढवळत असेल तर उठून या.

पैशाचा हिशेब आधी

दर महिन्याला 'टाशनगेल्ड' मिळतं. शब्दशः अर्थ खिशातले पैसे, आणि तो अर्थ तंतोतंत खरा आहे. कायद्याने त्याला कमाल मर्यादा घातली आहे. २०२५ साली ती महिन्याला ६४४ युरो होती. पण ती कमाल आहे, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून बरंच कमी देतात. मला ३८० युरो, संस्थेच्या आवारातली खोली आणि कामाच्या दिवशी दुपारचं जेवण मिळायचं. आरोग्य, पेन्शन, बेकारी, अपघात या सगळ्या विम्यांची वर्गणी संस्था भरते, तुमच्या खिशातून काही जात नाही. ही गोष्ट मोठी आहे, कारण तिकडे आजारी पडणं महाग असतं.

घरी सांगताना ३८० ला रुपयांनी गुणू नका. गुणाकार ऐकला की नातेवाईक खूश होतात आणि मग दरमहा काही पाठवशील का अशी विचारणा सुरू होते. खोली मिळाली तर त्या पैशात एक माणूस नीट जगतो आणि कधीमधी रेल्वेने फिरतो. कर्ज फेडता येत नाही. कर्ज काढून जायची वेळ येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नका.

जायच्या आधीचा खर्च म्हणजे भाषेचा क्लास आणि परीक्षा, ७५ युरो व्हिसा शुल्क आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, विमानाचं तिकीट, प्रवास विमा. शिवाय पहिला महिना अंगावर काढावा लागतो, कारण बँक खातं उघडेपर्यंत टाशनगेल्ड कुठे जमा करणार? मी आता विचारणाऱ्यांना किमान ६०० युरो जवळ ठेवायला सांगते.

भाषा: कागदावरची आणि वॉर्डातली

संस्था बहुतेक वेळा भाषेची ए२ पातळी मागतात, काही त्यावरची बी१. अगदी पहिल्या, ए१ पातळीवर जाणारेही आहेत, पण त्यांचे पहिले चार महिने कसे जातात ते मी पाहिलं आहे. प्रमाणपत्र गोएथेचं असेल तर कुठे प्रश्न येत नाही, म्हणजे आपल्याकडे पुण्या-मुंबईचं मॅक्सम्युलर भवन. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही पिढ्यान्‌पिढ्या जर्मन शिकवतात आणि पाया पक्का होतो. मात्र अर्जाला लागणारी परीक्षा कोणती हे आधी विचारून घ्या, नाहीतर दोनदा फी भरावी लागते. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून क्लास संपायची वाट न बघता तारीख धरा.

आता वॉर्डातली भाषा. माझा वृद्धाश्रम श्टुटगार्टपासून तासाभरावरच्या गावात होता आणि तिथले आजी-आजोबा श्वेबिश ही तिकडची बोली बोलायचे. पुस्तकात 'टेपिश' म्हणजे गालिचा. तिसऱ्या दिवशी ऐंशी पार केलेल्या एक आजी मला म्हणाल्या, टेपिश आण, थंडी वाजतेय. मी इमानदारीत पलंगाखालचा गालिचा गुंडाळायला घेतला. त्या हसून हसून खोकायला लागल्या, नर्स धावत आली. श्वेबिशमध्ये टेपिश म्हणजे पांघरूण! पुस्तकात 'हेबेन' म्हणजे उचलणे, तिथे मात्र 'धरून ठेवणे'. कप 'हेब' म्हटल्यावर मी तो उचलून घेऊन गेले होते. अशा चुका रोज होतात आणि कोणी मनावर घेत नाही. तेव्हा बी१ पर्यंत पोचा, आणि दक्षिणेकडे जागा मिळाली तर तिकडच्या बोलीचे व्हिडिओ महिनाभर कानावर पडू द्या.

संस्था कशी शोधायची

इथे दोन शब्द नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यांच्याभोवती फिरतं. 'आइनझाट्सश्टेले' म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष काम कराल ती जागा: वृद्धाश्रम, बालवाडी, दवाखाना. 'ट्रेगर' म्हणजे तुम्हाला तिथे नेमणारी, शिबिरं घेणारी, कागद सांभाळणारी संस्था. जर्मन रेड क्रॉस, कारितास, डियाकोनी, आर्बायटरवोलफार्ट, योहानिटर, माल्टेझर, लेबेन्सहिल्फे, इंटरनाट्सिओनालर बुंड ही त्यातली मोठी नावं. प्रत्येकाच्या राज्यवार शाखा असतात आणि परदेशी उमेदवार घ्यायचे की नाही ते शाखा ठरवते. बर्लिनच्या शाखेने नाही म्हटलं म्हणून हानोव्हरची नाही म्हणेल असं नाही.

आपली मुलं शहर बघून अर्ज करतात. बर्लिन, म्युनिक, हांबुर्ग. मीही तेच केलं होतं आणि चार महिने नकार गोळा केले. मोठ्या शहरात जागेची मारामार, खोल्या महाग, त्यामुळे परदेशी बुफ्डीला राहायला जागा देणाऱ्या संस्था कमी. छोट्या गावात वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर खोल्या रिकाम्या असतात. मुख्य म्हणजे वर्षभर त्या देशात तुमची बाजू घेणारं कोणी असेल तर ते ट्रेगरचं माणूस. वरिष्ठाशी खटका उडाला, व्हिसाचं पत्र आलं, आई आजारी पडली आणि अचानक यावं लागलं, सगळ्याला फोन तिथेच जातो. म्हणून शहराच्या नकाशावर कमी वेळ घालवा आणि ट्रेगरच्या उत्तरांवर जास्त. तुमच्या ईमेलला किती दिवसांनी, किती नेमकं उत्तर येतं यावरून पुढचं वर्ष कसं जाईल याचा अंदाज बांधता येतो.

'वेल्टवेर्ट्‌स' नावाचा आणखी एक मार्ग आहे. जर्मन सरकारच्या विकास मंत्रालयाची ही योजना २००८ पासून जर्मन तरुणांना आशिया-आफ्रिकेत पाठवते आणि तिच्या दक्षिण-उत्तर शाखेतून उलट दिशेनेही तरुण येतात. त्यात विमानाचं तिकीट योजनेतून मिळतं. पण थेट अर्ज चालत नाही, भारतातली भागीदार संस्था तुम्हाला पाठवते, आणि जागा मोजक्या. एखाद्या सामाजिक संस्थेत आधीपासून काम करत असाल तर तिथे चौकशी करा.

वेळेचं गणित असं, की बहुतेक जागा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात. व्हिसाला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत कितीही लागतं. म्हणजे अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास निघाले पाहिजेत. बीएफडी मधल्या महिन्यांतही सुरू होऊ शकतं, त्यामुळे गाडी चुकली तरी विचारून बघायला हरकत नाही.

अर्ज आणि मुलाखत

अर्जात दोन कागद महत्त्वाचे. एक बायोडेटा, तिकडच्या पद्धतीने दोन रकान्यांत, महिना-वर्षासकट, आणि मधे रिकामे महिने असतील तर त्यांचा खुलासा. वडिलांचं नाव, धर्म, 'वरील माहिती खरी आहे' असली आपली सवयीची वाक्यं नकोत. शेवटी गाव, तारीख, सही.

दुसरा कागद म्हणजे 'मी हे का करू इच्छिते' हे पत्र. इथे आपण हमखास घसरतो. "मला जर्मन संस्कृतीचं लहानपणापासून आकर्षण आहे" या वाक्याने सुरू होणारी पत्रं ट्रेगरकडे ढिगाने येतात. माझ्या पहिल्या पत्रात तेच होतं. नकारांनंतर मी नवं पत्र लिहिलं: आजीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिला कूस बदलायला मी आणि आई कशी उशी लावायचो, पेज भरवताना ती कशी तोंड मिटून घ्यायची, आणि तेव्हा मला नेमकं काय जमत नव्हतं. दोन आठवड्यांत तीन ठिकाणांहून उत्तरं आली. तुमच्याकडे आजीची गोष्ट नसेल तर गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिराचं काम लिहा, धाकट्या भावंडाला सांभाळलेलं लिहा. जे केलं ते, जितकं केलं तितकंच. पत्र एआयकडून लिहून घेतलंत तर मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत कळतं, कारण पत्रातली जर्मन आणि तोंडातली जर्मन सख्ख्या बहिणी वाटत नाहीत.

मुलाखत व्हिडिओवर होते. शेवटी "तुमचे काही प्रश्न?" असं विचारतात. "नाही" म्हणू नका. हे विचारा:

राहायची खोली मिळेल का, भाडं कोणाचं, स्वयंपाकघर किती जणांत? टाशनगेल्ड नेमकं किती आणि जेवणाचे पैसे वेगळे की त्यातच? शिफ्ट किती वाजता सुरू होते आणि रविवारी पहिली बस किती वाजता असते? याआधी तुमच्याकडे परदेशी बुफ्डी होते का आणि त्यांच्यातल्या कोणाशी मला बोलता येईल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. चांगली संस्था लगेच नंबर देते. माझ्या आधी तिथे मादागास्करची एक मुलगी होती. तिने मला सांगितलं, काम ठीक आहे, पण हिवाळ्याचे बूट तिथे घेऊ नकोस, शेजारच्या गावातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घे. बसचा प्रश्न मला हास्यास्पद वाटला होता. पण माझी खोली आवारात नसती आणि रविवारी पहिली बस सव्वासातला, शिफ्ट साडेसहाला हे गणित प्रत्यक्षात जमवायला लागलं असतं, तर मी दर दुसऱ्या रविवारी अंधारात चार किलोमीटर चालले असते.

एजंट

खरा ट्रेगर जागा मिळवून देण्याचे तुमच्याकडून लाख-दोन लाख रुपये मागत नाही. त्याचा खर्च सरकारी अनुदान आणि कामाच्या जागेच्या वाट्यातून निघतो. तरीही आपल्याकडे "एफएसजे पॅकेज" विकलं जातं: क्लास, अर्ज, "हमखास व्हिसा". भाषेच्या क्लासचे पैसे घेणं रास्त आहे, तो त्यांचा धंदा आहे. कागदांच्या मदतीचे थोडे घेतले तरी मी समजू शकते. पण व्हिसाची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि मूळ पासपोर्ट किंवा मूळ गुणपत्रिका 'सुरक्षित ठेवायला' मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. माझ्या ओळखीच्या एका मुलाने दीड लाख भरले, आणि त्याला मिळालेली जागा त्याच ट्रेगरकडे फुकट अर्ज करून दुसऱ्या मुलीलाही मिळाली. दोघं एकाच शिबिरात भेटले तेव्हा त्याला ते कळलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

एजंटमार्फत जात असाल तरी ट्रेगरच्या कार्यालयाला स्वतः एक ईमेल टाका: माझा अर्ज आपल्याकडे आहे का, माझी जागा कुठली? पत्ता एजंटने दिलेला नको, संस्थेच्या अधिकृत साइटवरून घ्या.

करार वाचणे

याला 'फेराइनबारुंग' म्हणतात. बीएफडी असेल तर त्यावर कोलोनच्या संघीय कार्यालयाचीही मोहोर लागते, त्यामुळे वेळ जातो, घाबरू नका. सही करण्याआधी सुरुवात-शेवटची तारीख, आठवड्याचे तास, टाशनगेल्ड, खोली आणि जेवण, रजेचे दिवस, शिबिराचे दिवस आणि चाचणीचा काळ शोधून अधोरेखित करा. २७ च्या आतल्यांना वर्षाला २५ दिवसांची शिबिरं मिळतात आणि ती कामाचे तास म्हणूनच धरली जातात. "मुलाखतीत खोली देऊ म्हणाले होते" याला काही किंमत नाही. करारात किंवा वेगळ्या पत्रात लिहून घ्या, कारण व्हिसाच्या खिडकीवर तोच कागद दाखवायचा असतो.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. बेळगावकरांनो, तुमचं बंगळूर. दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून जाऊन तिथे कागद बदलून घेऊ, असं कोणी सुचवलं तर कानाला खडा लावा. कागदांची यादी दूतावासाच्या साइटवरून त्या आठवड्याची घ्या, मैत्रिणीने मागच्या वर्षी वापरलेली नको. साधारणपणे पासपोर्ट, करार, बायोडेटा, हेतूचं पत्र, भाषेचं प्रमाणपत्र, शैक्षणिक कागद, राहण्याची सोय आणि सुरुवातीच्या दिवसांचा विमा लागतो.

खिडकीवर दोन गोष्टी तपासल्या जातात, जर्मन खरंच येतं का आणि जाण्यामागे कारण काय. मामांचा प्रश्न इथे येतो. बरेच जण पाठ केलेलं बोलतात: "वर्षभरानंतर मी भारतात परत येऊन समाजसेवा करणार." समोरच्या बाईंनी हे वाक्य त्या सकाळीच चारदा ऐकलेलं असतं. पुढे नर्सिंगचं शिक्षण घ्यायचा विचार असेल तर खोटं बोलू नका. या वर्षात काम झेपतं का ते बघायचं आहे, झेपलं तर रीतसर अर्ज करीन, इतकं साधं सांगा. करारातली जागा कुठे आहे, तिथे किती वृद्ध राहतात, तुमचं काम काय, हे मात्र न अडखळता आलं पाहिजे. आपण कुठे जाणार आहोत हेच माहीत नसलेल्या उमेदवाराला कोण पाठवेल?

नकार आला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता एक तर उणीव भरून नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची. दुसरा मार्ग बुफ्डीच्या खिशाला झेपणारा नाही. म्हणून पहिलाच अर्ज अर्धवट टाकू नका.

आणि व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका. स्वस्त मिळतंय म्हणूनही नाही.

बॅग

बालवाडी, शाळा किंवा दवाखान्यात काम असेल तर गोवराच्या दोन डोसांचा पुरावा लागतो. २०२० पासून तिकडे तसा कायदाच आहे. पुण्याच्या एका मुलीचं लहानपणीचं लसीकरण कार्ड घर बदलताना हरवलं होतं. तिला पहिल्या दिवशी बालवाडीच्या दारातून परत पाठवलं आणि पुढचे काही आठवडे ती कचेरीत कागदांना छिद्रं पाडत बसली. कार्ड सापडत नसेल तर इथेच डॉक्टरांना विचारून डोस घ्या आणि इंग्रजीत सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या. पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला आणि जन्मदाखलाही बरोबर ठेवा.

खाण्याचं बघायचं तर युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा आईला आग्रहाने काढून ठेवायला लावा. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, लोणचं चालतं, फक्त लोणच्याला तीन पिशव्या घाला. छोटा कुकर नक्की न्या. आवारात शिट्टी झाली की सुरुवातीला लोक दचकतात, नंतर वास घेत विचारायला येतात.

पहिले पंधरा दिवस

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत 'आनमेल्डुंग', म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाचा किंवा संस्थेचा सहीचा कागद लागतो. ती नोंद झाल्याशिवाय बँक, करक्रमांक आणि परदेशी नागरिक कार्यालय हे सगळं अडून बसतं. ट्रेगरला पहिल्याच दिवशी त्या कागदाचं विचारा.

आणि पत्रपेटीवर स्वतःचं नाव लावा! हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जर्मनीत टपाल खोली क्रमांकावर येत नाही, पेटीवरच्या नावावर येतं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. माझं विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, करक्रमांक अशी सहा पत्रं परत गेली आणि मी तीन आठवडे बँकेला दोष देत बसले. शेवटी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखभालवाला, खालच्या पेटीपाशी घेऊन गेला आणि नुसतं बोट दाखवलं. आपलं आडनाव लांबलचक असेल तर पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, अर्धं कापू नका.

काही दिवसांनी रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येतं, घरटी महिना १८.३६ युरो. फसवणूक समजून फेकू नका, ते खरं असतं. एकत्र राहणाऱ्यांत एकानेच भरायचं असतं. प्रवासासाठी डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या स्थानिक बस-रेल्वेचा मासिक पास, चांगलं, २०२६ पासून महिना ६३ युरो. संस्था त्यातला वाटा उचलते का ते विचारा, काही उचलतात.

कामावर

सकाळची पाळी साडेसहाला सुरू होते, म्हणजे सव्वासहाला गणवेश घालून हजर. आधी 'युबरगाबे', रात्रपाळीची नर्स प्रत्येक खोलीचा अहवाल देते. सुरुवातीला मला त्यातले आकडे तेवढे कळायचे. मग न्याहारीची गाडी. पाव मधून कापायचा, लोणी कडेपर्यंत लावायचं, दात नसलेल्यांसाठी कडा काढून लहान चौकोन करायचे. गिळायला त्रास असेल त्यांच्या चहात घट्ट करायची पावडर घालायची, आणि किती घालायची ते नर्स सांगेल तितकंच. चमचाभर जास्त पडली की चहाचा गोळा होतो, कमी पडली की ठसका लागतो. बारा नंबरच्या आजोबांना लोणी आधी आणि जॅम नंतर लागायचा. उलटं झालं की ते ताट सरकवून द्यायचे. दोन महिन्यांनी मी क्रम चुकले नाही तेव्हा त्यांनी काही न बोलता माझ्यासमोर साखरेची पुडी सरकवली. तिकडे याला कौतुक म्हणतात.

काय करायचं नाही हेही माहीत हवं. औषधं द्यायची नाहीत, इंजेक्शन नाही, एकटीने उचलून खुर्चीत बसवणं नाही. बुफ्डी हा जादाचा हात असतो, रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याची भरपाई नव्हे, हे तिकडच्या नियमांतच आहे. माणसं कमी असतात, त्यामुळे "आज एवढं बघ ना" असं म्हटलं जातं. एखाद्या दिवशी बघा. रोजचं झालं तर शांतपणे सांगा. आजारी असाल तर पाळी सुरू होण्याआधी फोन करायचा. मेसेज टाकून झोपणं तिथे फार वाईट दिसतं.

शिबिरांना कंटाळून जाऊ नका. नुकतीच शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या जर्मन पोरांत मी चोविशीची ताई होते, पण माझी जर्मन खरी सुटली ती तिथे भांडी घासताना.

बिनसलं तर

आमच्या गटातल्या एकाला चार महिने फक्त तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत ठेवलं होतं. वृद्धांशी भेटच नाही. तो घरी फोन करून रडायचा, पण ट्रेगरला सांगायचा नाही, तक्रार केली तर व्हिसा जाईल या भीतीने. शिबिरात शेवटी बोलला. ट्रेगरच्या बाईंनी संस्थेशी बोलणं करून बघितलं, जमलं नाही, तेव्हा त्याला दुसऱ्या गावी जागा दिली. व्हिसा गेला नाही.

क्रम लक्षात ठेवा. आधी कामावरचा तुमचा मार्गदर्शक, मग ट्रेगरची व्यक्ती, तीही लेखी, तारखांसकट. जागा बदलली की परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं, कारण तुमचा परवाना या सेवेशी जोडलेला असतो. ते पत्र ट्रेगरबरोबर बसून लिहा. रागाच्या भरात राजीनामा टाकून मित्राकडे बर्लिनला निघून जाणं, हे मात्र खरंच महागात पडतं.

वर्ष संपताना

पुढे नर्सिंग किंवा बालसंगोपनाचं व्यावसायिक शिक्षण घ्यायचं असेल तर सहाव्या महिन्यापासून अर्ज सुरू करा. नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं असतं, त्यात पगार मिळतो, आणि भाषा बी२ च्या आसपास लागते. तुमचीच संस्था विचारेल अशी शक्यता बरीच असते. परवाना कसा बदलायचा ते परवाना संपायच्या खूप आधी परदेशी नागरिक कार्यालयात विचारा, त्यांच्या भेटीची वेळ मिळायलाच महिने जातात. संस्थेकडून सविस्तर प्रमाणपत्र मागून घ्या, ज्यात तुम्ही काय केलं आणि कसं केलं हे लिहिलेलं असतं. नुसतं 'इतक्या तारखेपर्यंत होती' असं पत्र कशाला उपयोगी पडत नाही.

परत येणार असाल तर नगरपालिकेतली नोंद रद्द करून त्याचा कागद घ्या. विमा कंपनीला, वर्गणीवाल्यांना तोच दाखवावा लागतो. बँक खातं मात्र सगळ्यात शेवटी बंद करा, कारण शेवटचं टाशनगेल्ड आणि खोलीची अनामत तुम्ही साताऱ्यात पोचल्यावर जमा होते. माझी अनामत सात आठवड्यांनी आली, चाळीस युरो कापून. कुकरच्या वाफेने छताला डाग पडला होता.